रुपये शून्य फक्त

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात किंमत नसलेली वस्तू सापडणं अवघड. लेथखाली साठलेल्या चिप्सनाही भंगारवाल्याचा किलोवर भाव असतो. पहाटे निगडीच्या कोपऱ्यावर डबा काखेत धरून कंपनीच्या बसची वाट पाहणारा माणूस झोपेतसुद्धा आपल्या तासाचा दर सांगेल, आणि ओव्हरटाइमचा त्याच्या दुप्पट. चाकणच्या बाजारातला कांदासुद्धा पोत्याबाहेर डोकावण्याआधी स्वतःचा भाव ऐकून घेतो. अशा मुलखात एका माणसाने कादंबरी लिहिली, ती स्वतःच ई-पुस्तक म्हणून काढायचं ठरवलं, सगळा फॉर्म भरला, आणि किमतीच्या रकान्यापाशी येऊन बसला. आज बसला, उद्या बसला. त्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता आणि आमचे स्नेही त्याच्याकडे, परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरकडे बघावं तसे, आशेने बघत होते.

स्नेह्यांचं भोसरीच्या एमआयडीसीत वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक जुनं लेथ जे विकायला मन होत नाही, आणि बाहेर टिनाच्या पाटीवर आईचं नाव. चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या वेंडरच्या वेंडरला ते बुश पुरवतात. एका बुशमागे पंधरा पैसे वाढवून मिळावेत म्हणून पर्चेस मॅनेजरच्या केबिनबाहेर अर्धा दिवस तिष्ठत बसणारा हा माणूस. त्यांची कादंबरी गुरुवारी लिहिली गेली. आमच्याकडे कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो. वीजवाले दुरुस्तीला निघतात, मशीन गप्प होतात, गल्लीत अचानक चिमण्यांचा आवाज ऐकू येतो आणि ज्याला लिहायचं आहे त्याच्याकडे न लिहिण्याचं कारण उरत नाही. कित्येक वर्षांचे गुरुवार असे वहीत गेले. पुढे मुलीने ते टाइप करून दिलं. आणि आता प्रश्न एवढाच होता, की किती रुपये?

त्यांनी सवयीप्रमाणे कॉस्टिंग मांडलं. कोटेशनच्याच कागदावर, वर्कशॉपच्या नावाखाली. मटेरियल शून्य. पॅकिंग शून्य. ट्रान्सपोर्ट शून्य. रिजेक्शन, इथे ते जरा थबकले, मग त्यांनी 'वाचकावर अवलंबून' असं लिहिलं. मशीन अवर म्हणून गुरुवार मांडायला गेले तर आकडा असा निघाला की त्या भावात दुसरं वर्कशॉप आलं असतं. मग त्यांना डाय आठवली. गाडीचा पत्र्याचा भाग डायमधून निघतो. डाय भयंकर महाग, पण तिचा खर्च हजारो-लाखो नगांवर वाटून टाकतात आणि प्रत्येक नगाच्या दरात तिचे थोडेसे पैसे गुपचूप बसलेले असतात. छापील पुस्तकाचंही तेच. मराठीत आवृत्ती हजार प्रतींची धरायची जुनी रीत, तेव्हा अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन सगळं हजाराने भागायचं. ई-पुस्तक ही अशी अजब डाय, की तिचा पहिला नग निघाला की दुसऱ्यापासून खर्चच नाही. फक्त किती नग उचलणार, हे कुठल्याही पर्चेस मॅनेजरने लिहून दिलेलं नाही. भाज्य आहे, भाजक नाही. स्नेही म्हणाले, "साहेब, हा आमच्या आयुष्यातला पहिलाच जॉब, ज्याची ड्रॉइंग आमची, डाय आमची, आणि गिऱ्हाईक काल्पनिक."

सरकारनेही या अशरीरी मालाकडे पाहून डोकं खाजवलेलं दिसतं. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. 2018 च्या जुलैत ई-पुस्तकांवरचा दर 18 वरून 5 टक्क्यांवर आणला, पण ज्यांची छापील आवृत्ती आहे अशांपुरताच. ज्याला कागदाचा देह कधी मिळालाच नाही, त्याला 18 टक्केच राहिले. आत्म्याला देहापेक्षा जास्त कर, हे गीतेवर पोसलेल्या देशात जरा विचित्रच. पण शून्याचे 18 टक्के शून्यच होतात, हे ध्यानात आल्यावर स्नेह्यांचा चेहरा उजळला. फुकटच देऊ, ते म्हणाले. वहिनी आतून चहा घेऊन येत होत्या. त्या दारातच थांबल्या. "अहो, पंधरा पैशांसाठी त्या पर्चेसवाल्याशी भांडता आणि माझे सगळे गुरुवार फुकट?" 'माझे' या शब्दावर कुणीच काही बोललं नाही. कॉस्टिंगमध्ये ती ओळ राहून गेली होती.

आणि फुकट द्यायचं म्हटलं तरी देता येतं असंही नाही. किंडलच्या दुकानात 2016 च्या डिसेंबरात हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळमच्या बरोबरीने मराठीला रीतसर फळी मिळाली. तिथे लेखक स्वतः पुस्तक ठेवू शकतो, रॉयल्टी 35 नाहीतर 70 टक्के. पण किमतीच्या रकान्यात सरळ शून्य लिहिता येत नाही. त्यांच्या सिलेक्ट नावाच्या योजनेत गेलात, आणि पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेच ठेवणार नाही असं कबूल केलंत, तर दर 90 दिवसांत 5 दिवस ते मोफत ठेवायची मुभा. म्हणजे औदार्य पाच दिवसांच्या गणपतीसारखं. वाजतगाजत आणायचं, गर्दी बघायची, आणि सहाव्या दिवशी मखर रिकामं करून पुन्हा किमतीची पाटी लावायची.

माझ्या लहानपणी प्राधिकरणात आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरात एक कवी राहत. कारखान्यात ग्राइंडिंगला होते, त्यामुळे त्यांच्या भुवयांवर कायम बारीक करडी धूळ असे आणि ते आम्हाला जन्मतःच म्हातारे वाटत. त्यांच्या कविता सायक्लोस्टाइल केलेल्या असत. स्टेन्सिल कापून, शाईचा रोलर फिरवून, युनियनच्या ऑफिसात रात्री. मुंबईत 1954 च्या सुमाराला अरुण कोलटकर, दिलीप चित्रे प्रभृतींचं 'शब्द' असंच सायक्लोस्टाइलवर निघालं होतं, आणि त्या चिटोऱ्यांवर आता लोक प्रबंध लिहितात. आमच्या काकांना त्याची वार्ता नव्हती. ते आपले कंपनीच्या बसमध्ये, मागच्या सीटपासून पुढे येत, अंक विकत. किंमत चार आणे. बस चिंचवड ओलांडेपर्यंत सगळ्यांचे हात शाईने काळे झालेले असत.

चार आण्यांत काय व्हायचं, ते मला पुष्कळ पुढे कॅन्टीनमध्ये कळलं. 1948 च्या कारखाना कायद्याने 250 हून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी कॅन्टीन आणलं आणि या पट्ट्यात जेवणाची एक निराळीच संस्कृती जन्माला आली. कुपनाचे पैसे नाममात्र असत, बाहेर त्या पैशांत चहाही नीट आला नसता. पण ते नाममात्र कापले जात, आणि तेवढ्या बळावर माणूस ताट वाजवून विचारू शके की आमटीत डाळ कुठे आहे. ज्या दिवशी कंपनीचा वर्धापनदिन म्हणून गोडाचं जेवण पूर्ण मोफत असे, त्या दिवशी श्रीखंड आंबलेलं असलं तरी कुणी हूं की चूं करत नसे. फुकटच्या पानावर बोट ठेवणं आपल्याकडे असभ्य मानतात. चार आणेवाल्या कवितांचं तेच होतं. पैसे मोजलेला माणूस दुसऱ्या दिवशी बसमध्ये उभा राहून विचारायचा, काका, तिसऱ्या कवितेत यमक का सोडलं? काका सीटच्या दांड्याला धरून, बस खड्ड्यातून जात असताना, मुक्तछंद म्हणजे काय ते समजावून सांगत. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एक खास अंक काढला, चांगल्या कागदावर, छापून, आणि सगळ्यांना फुकट वाटला. सगळ्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, पिशवीत ठेवला. महिनाभराने माझ्या वडिलांशी बोलताना काका म्हणाले, "कुणी एक चूकसुद्धा काढली नाही हो." वडिलांना काय बोलावं ते सुचलं नाही. त्यांनी अंक अजून उघडला नव्हता.

या बाबतीत आमच्या भागाने एकदा फार मोठा दाखला पाहिलेला आहे. देहू इथून हाकेच्या अंतरावर. परंपरा असं सांगते की तुकोबांनी घरच्या सावकारीची खतं काढली, अर्धी भाऊ कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची अर्धी इंद्रायणीत सोडून दिली. पुढे अभंगांच्या वह्याही त्याच नदीत गेल्या, या वेळी स्वखुशीने नव्हे, आणि 13 दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही श्रद्धा. मला या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहायला आवडतं. एकाच नदीने वसुलीची कागदं ठेवून घेतली आणि जिथे येणं काहीच नव्हतं ती परत केली. मोफतवाल्यांना यापेक्षा थोर साक्षीदार मिळायचा नाही. फक्त त्यांनी लगेच हुरळून जाऊ नये, कारण कान्होबाचा अर्धा वाटा कोरडाच राहिला होता. पन्नास टक्के, किंडलच्या 35 आणि 70 च्या जवळपास मधोमध. घरात एकाने विरक्त व्हायचं तर दुसऱ्याने वसुलीवर जावं लागतं, हे वहिनींइतकंच कान्होबालाही कळत असणार.

शिवाय नदीचं कौतुक करताना आमच्या चाकणकडची मंडळी किंचित हिरमुसतात. संताजी जगनाडे चाकणचे. घरचा धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि तुकोबांच्या टाळकऱ्यांत राहून अभंग उतरवून घेणं हे मनाचं काम. तेल मापाने जात असणार, थेंब न सांडता. अभंगाला माप लावायचं त्यांच्या मनात आलं असेल असं वाटत नाही. विनायक लक्ष्मण भाव्यांनी 1919-20 च्या सुमाराला गाथा छापली ती संताजींच्या वह्यांवरून. म्हणजे चाकणमध्ये तयार होऊन महाराष्ट्रभर गेलेला पहिला नावाजलेला माल मोटारीचा नव्हता. आज तळेगाव रस्त्याला लागलेल्या कंटेनरच्या रांगेत अडकलो की मला हे आठवतं आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतं. गाथा त्याआधीच मुंबई सरकारच्या खर्चाने 1869 आणि 1873 मध्ये दोन खंडांत छापली गेली होती, 1950 मध्ये पुन्हा सरकारनेच काढली. वाचकाला ती स्वस्तात पडावी म्हणून प्रत्येक खेपेला कुणीतरी शाई, कागद, डोळे किंवा तिजोरी झिजवली आहे. संताजींनी तर रात्रीचं तेलही घरचंच जाळलं असेल. धंदाच तो.

बाकी कायद्याने या प्रश्नाला एक उत्तर देऊन ठेवलंय. आपल्याकडे लेखक वारल्यानंतर 60 वर्षं उलटली की पुस्तकावरचा हक्क संपतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, तेव्हा 2011 उजाडल्यापासून 'श्यामची आई' कुणीही छापावी, कुणीही फुकट वाटावी. अर्थात प्रत्येक पुस्तक शेवटी मोफत होणारच आहे, घासाघीस चालली आहे ती मधल्या काळाची. पलीकडे, अमेरिकेत, कॉरी डॉक्टरोव्ह नावाच्या विज्ञानकथाकाराने मधल्या काळाचीही वाट पाहिली नाही. 2003 मध्ये त्याने पहिली कादंबरी दुकानात ठेवली आणि त्याच वेळी इंटरनेटवर फुकटही सोडली. त्याचं नाव झालं. पण त्याचा छापील खप होता, इंग्रजी होती, जग होतं. आमच्या स्नेह्यांकडे वर्कशॉपचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. तिथे त्यांनी कादंबरी टाकल्यावर लगेच सतरा अंगठे आले, त्यातला एक पर्चेस मॅनेजरचा. कादंबरीत पर्चेस मॅनेजर खलनायक आहे.

2016 च्या जानेवारीत पिंपरीला 89 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, श्रीपाल सबनीस अध्यक्ष. जागा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानाची. 1954 मध्ये स्थापन झालेला हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना. पेनिसिलिनवर फ्लेमिंगने पेटंट घेतलं नव्हतं, तरी कुपीला किंमत होतीच. ज्ञान फुकट आणि बाटली विकत, असा तो जुना समजूतदार करार. त्या मैदानावर ग्रंथप्रदर्शनात कंपनीचा शर्ट घातलेली माणसं पहिली पाळी संपवून सरळ आली होती आणि पुस्तकांच्या पिशव्या लेकरासारख्या कडेवर घेऊन फिरत होती. पुस्तक उचलायचं, मागे उलटायचं, किंमत बघायची, परत ठेवायचं, दोन स्टॉल पुढे जायचं, मागे यायचं आणि घ्यायचं. या सगळ्या येरझाऱ्यांत पुस्तकाचं आणि माणसाचं काहीतरी ठरत असतं. ई-पुस्तकाच्या नशिबी ही येरझार नाही. त्यातही फुकटच्या ई-पुस्तकाला तर कुणी परतसुद्धा ठेवत नाही. ते फोनमध्ये उतरतं, लग्नाच्या पत्रिका आणि लाइट बिलांच्या पीडीएफमध्ये जाऊन बसतं, आणि तिथेच, कुणाला नकोसं न होता, विसरलं जातं.

शेवटी स्नेह्यांनी एका ओळखीच्या सल्ल्याने ठाण्याच्या ई साहित्य प्रतिष्ठानचा रस्ता धरला. ही मंडळी गेली कित्येक वर्षं मराठी पुस्तकांच्या सुबक पीडीएफ करून वाचकांना विनामूल्य पाठवतात. नवोदित, निवृत्त, कवी, गिर्यारोहक, सगळ्यांना तिथे जागा. पण त्यांची एक खोड मला फार शहाणपणाची वाटते. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर ते लेखकाचा पत्ता, फोन, ईमेल देतात आणि वाचकाला विनवतात, की वाचून झालं की लेखकाला कळवा. पैसे नाहीत, पण पावती द्या. स्नेह्यांना हे ऐकून हसू आलं. कोण करतंय फोन?

पहिला फोन आला तेव्हा ते सेटिंगवर होते. हात तेलाचे, फोन खांद्यावर. पलीकडे विदर्भातले एक निवृत्त एसटी कंडक्टर. त्यांनी कादंबरी दोनदा वाचली होती आणि त्यांची तक्रार होती. तुमचा नायक रात्रीच्या गाडीने पुण्याहून निघतो आणि पहाटे गावी उतरतो, ते शक्य नाही, ती गाडी दुपारची होती, मी स्वतः त्या रूटला होतो. मशीन बंद ठेवून स्नेह्यांनी अर्धा तास त्या गाडीबद्दल वाद घातला. त्या अर्ध्या तासात किती बुश निघाले असते, ते त्यांना तोंडपाठ असूनही त्यांनी मोजलं नाही. नंतर आणखी काही फोन आले, फार नव्हेत. एक बाई फक्त रडल्या आणि नाव न सांगता फोन ठेवला. त्या रात्री वहिनींनी कादंबरी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली, आणि सकाळी डब्यात न सांगता पुरणपोळी आली. सतरा अंगठेवाल्यांपैकी मात्र अजून कुणी बोललेलं नाही. पर्चेस मॅनेजर तर हल्ली जास्तच गोड बोलतात, त्यावरून त्यांनी ती नक्की वाचली नसावी, नाहीतर नक्की वाचली असावी.

आता दुसरी कादंबरी चालू आहे आणि रकान्याचा प्रश्न पुन्हा उभा राहील. मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. लेखकाने किंमत लावावी. थोडी लावावी, पण लावावी. निदान कुणाला ताट वाजवून डाळ कुठे आहे असं विचारण्याचा हक्क तरी मिळेल. आणि ज्याने तोंडाने मागितलं, त्याला फुकट द्यावी, न कुरकुरता, मग तो विद्यार्थी असो, बेकार असो की नुसता चिकट. मराठी माणसाला पैसे देण्यापेक्षा मागणं अवघड जातं, त्यामुळे लेखकाचं फार नुकसान होणार नाही. न मागता वाटणं तेवढं बंद करावं. वाटलेलं पोचतं, लागत नाही.

वाचकांनाही एक विनंती आहे. तुमच्या फोनमध्ये एखाद्या मराठी लेखकाचं फुकट उतरवलेलं पुस्तक असेल, असेलच, तर पत्रिका आणि बिलांखालून ते शोधा, वाचा आणि त्यातली एखादी चूक काढून लेखकाला फोन करा. नंबर पुष्कळदा सुरुवातीच्या पानांवरच असतो. फक्त रात्री नऊनंतर करू नका, यातले बरेच लेखक पहिल्या पाळीला जातात.